उसना सेट : शस्त्रक्रियेची हत्यारे, कंपनीचा माणूस आणि निर्जंतुकीकरण विभाग

गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत लागणारी हत्यारे बहुतेक रुग्णालयांच्या मालकीची नसतात. ज्या कंपनीचा कृत्रिम सांधा बसवायचा तिची, किंवा तिच्या वितरकाची ती असतात. शस्त्रक्रियेच्या आधी ती पेट्यांतून येतात आणि काम झाले की परत जातात. रुग्णालयाच्या बोलीत याला ‘सेट येणे’ म्हणतात. सेट आणतो कंपनीचा प्रतिनिधी, आणि तो ताब्यात घेतो मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीएसएसडी. प्रतिनिधीला सेटमधला प्रत्येक तुकडा पाठ असतो, पण तो निर्जंतुक करण्याचे काम त्याचे नसते. ज्यांचे ते काम असते त्यांनी तो सेट पुष्कळदा पूर्वी कधी पाहिलेलाही नसतो. हत्याराची माहिती एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, ही विभागणी दीडशे वर्षांत हळूहळू होत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असा प्रश्नच नव्हता. हत्यारे सर्जनची स्वतःची असत. मखमलीचे अस्तर लावलेली लाकडी पेटी, तिच्यात हस्तिदंती किंवा शिसवी मुठींचे चाकू, करवती आणि चिमटे. विकणारा म्हणजे घडवणाराच. सर्जन त्याच्या दुकानात जाऊन मूठ हातात कशी बसते ते पाही आणि हत्यार करून घेई. वापरानंतर ते पुसून पुन्हा मखमलीवर ठेवले की झाले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ही पद्धत वैद्यकीय जगापुढे आली. तरीही हत्यारांच्या घडणीला लगेच धक्का बसला नाही. कार्बोलिकच्या तबकात बुडवलेली लाकडी मूठ बदरंग होई, पण टिके.

घडण बदलली ती वाफेने. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये दाबाखालच्या वाफेचे भांडे, म्हणजे ऑटोक्लेव्ह, सिद्ध केले. पुढच्या दशकात बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि त्यांचे सहायक कुर्ट शिमेलबुश यांनी शस्त्रक्रियेचे कपडे आणि पट्ट्या वाफेने निर्जंतुक करण्याची रीत बसवली. उकळत्या पाण्यात आणि वाफेत लाकूड तडकते, हस्तिदंताचा जोड सुटतो, मखमल तर कुजतेच. कारागिरांना मुठीसकट अखंड धातूची हत्यारे घडवावी लागली. कात्रीच्या आणि चिमट्याच्या खिळीत मळ अडकू नये म्हणून दोन्ही पाती सुटी करता येतील असे सांधे काढावे लागले. जर्मनीतील टुटलिंगेन या गावात गॉटफ्रीड येटर यांनी १८६७ मध्ये काढलेल्या छोट्या कारखान्यासारखे धंदे याच लाटेवर मोठे झाले. हत्यार कसे धुतले आणि तापवले जाणार, यावरून ते कसे घडवायचे हे प्रथमच ठरले. त्या वेळी निर्जंतुकीकरणाची बाजू घडवणाऱ्यावर वरचढ ठरली होती. पुढे शंभर वर्षांनी हे नाते उलटे होणार होते.

शिमेलबुश यांचे नाव महाराष्ट्रातल्या फारशा कोणाला ठाऊक नसले, तरी त्यांचा डबा ठाऊक आहे. बाजूला भोके आणि त्यांवर सरकणारी पट्टी असलेला हा गोल डबा. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोके उघडायची, बाहेर काढला की पट्टी सरकवून बंद करायची. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये आजही ‘ड्रम लावला का?’ असे विचारले जाते ते याच डब्याबद्दल.

बनवणारा आणि वापरणारा यांच्यात दोष कोणाचा, हा वाद मुंबईने फार लवकर पाहिला. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. प्रयोगशाळेने काही काळापूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडून केवळ उष्णतेवर विसंबायला सुरुवात केली होती. चौकशी समितीने तिकडे बोट दाखवले आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. नंतर पुढे आलेली माहिती वेगळीच होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. त्या दिवशी त्याच लसीच्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. माल कारखान्यातून शुद्ध निघाला, पण शेवटच्या हाताने बिघडला, असे सिद्ध व्हायला पाच वर्षे लागली. पुढच्या काळात रुग्णालये आणि पुरवठादार यांच्यात सही-शिक्क्याचा जो सोस वाढला, त्यामागे असेच अनुभव आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात निर्जंतुकीकरणाच्या खोलीशी ज्या विक्रेत्याचा संबंध आला तो हत्यारे विकणारा नव्हता, तर यंत्र विकणारा होता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, ईरी या गावी १८९४ मध्ये हॉल बंधूंनी अमेरिकन स्टेरिलायझर कंपनी काढली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरची कॅसल कंपनी याच धंद्यात होती. ऑटोक्लेव्ह विकणे सोपे होते, तो चालवायला शिकवणे अवघड. नर्सिंगच्या शाळांत वाफेचे भौतिकशास्त्र कोणी शिकवत नव्हते. भांड्यात हवा उरली तर दाबाचा काटा बरोबर दिसतो, पण तापमान पोहोचत नाही. वाफ हवेपेक्षा हलकी असल्याने हवा तळाशी साचते, म्हणून थर्मामीटर तळाच्या निचऱ्याच्या नळीत हवा. हे सारे समजावले ते कंपनीच्या माणसांनी. ईरीच्या कंपनीचे वीडन अंडरवुड यांनी लिहिलेले निर्जंतुकीकरणाचे पाठ्यपुस्तक १९३४ मध्ये कंपनीनेच छापले आणि पुढची कित्येक वर्षे ते रुग्णालयांत वापरले गेले. विक्रेता हाच शिक्षक, ही या नात्याची पहिली घट्ट वीण होती. त्यात धंदा होता हे उघड आहे. पण ते शिकवणे खोटे नव्हते, आणि दुसरे कोणी शिकवायला तयारही नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकणारा वर्ग बदलला. तोवर प्रत्येक वॉर्डात आणि प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आपापली हत्यारे उकळत आणि सुया दगडावर घासून धार लावत. ब्रिटनमध्ये नफील्ड प्रोव्हिन्शियल हॉस्पिटल्स ट्रस्टने सहा रुग्णालयांची पाहणी करून १९५८ मध्ये अहवाल दिला. त्यातून उभे राहिलेले चित्र लाजिरवाणे होते. यंत्रे जुनाट, ती भरण्याची पद्धत चुकीची, आणि निर्जंतुक झाले की नाही हे तपासण्याची सोयच नाही. सर्व काम एका ठिकाणी, त्याच कामाच्या माणसांकडे सोपवावे या मताला त्याने बळ दिले, आणि मध्यवर्ती विभाग उभे राहू लागले. अमेरिकेत या खात्यातील कर्मचाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना त्याच १९५८ साली स्थापन झाली. १९६३ मध्ये एडिंबराचे बोवी आणि डिक यांनी टॉवेलांच्या गठ्ठ्यात उष्णतेने रंग बदलणारी चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावून यंत्रातली हवा पूर्ण निघाली का हे तपासण्याची युक्ती सांगितली. आजही सीएसएसडीचा दिवस याच चाचणीने सुरू होतो. आता हा विभाग कंपनीच्या माणसाला उलट प्रश्न विचारू शकत होता, कारण त्याच्या हातात स्वतःचा पुरावा आला होता.

पुरावा समोर असूनही डोळेझाक झाली तर काय होते, ते १९७२ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात दिसले. शिरेतून द्यायच्या ग्लुकोजच्या बाटल्या कारखान्यातच नीट निर्जंतुक झाल्या नव्हत्या. यंत्रात हवा राहिल्याने खालच्या बाटल्यांपर्यंत उष्णता पोहोचली नाही. तळाच्या तापमानाची नोंद ते सांगत होती, पण चालवणाऱ्यांनी नोंदयंत्रच बिघडले असे मानले. रुग्ण दगावले. मुलकोवालला दोष शेवटच्या हाताचा होता, इथे पहिल्या हाताचा.

मध्यवर्ती विभाग उभे राहत होते त्याच सुमारास युरोपात दोन ठिकाणी अशा घडामोडी चालू होत्या, की त्यांनी हत्यारांचा विक्रेता थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणून सोडला. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी स्वित्झर्लंडमधील बील येथे तेरा सर्जन एकत्र आले आणि मोडलेली हाडे पट्ट्या व स्क्रूंनी जोडण्याचे शास्त्र बसवण्यासाठी त्यांनी ‘एओ’ हा गट स्थापन केला. त्यांच्यातले मॉरिस म्युलर यांनी बेटलाख गावचे कारखानदार रॉबर्ट माथिस यांच्याकडून हत्यारे घडवून घेतली. ड्रिल, टॅप, स्क्रू आणि पेचकस एकमेकांशी मापाने बांधलेले असल्याने सुटे हत्यार निरुपयोगी होते. विकायचा तो संच. डिसेंबर १९६० मध्ये दाव्होस येथे पहिला प्रशिक्षण वर्ग भरला. सर्जननी हाडांवर ही हत्यारे चालवून पाहिली, आणि तंत्राबरोबर संचही देशोदेशी गेला.

दुसरी घडामोड इंग्लंडातील लँकशायरची. राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी असा खुब्याचा सांधा बसवला. हत्यारे आणि सांधे लीड्सची थॅक्रे कंपनी बनवत होती. सुरुवातीची काही वर्षे, राइटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकलेल्या सर्जननाच हा सांधा विकायचा, अशी चार्नली यांची अट होती. शस्त्रक्रियेच्या टप्प्यांप्रमाणे हत्यारे वेगवेगळ्या ट्रेमध्ये मांडण्याची पद्धतही त्यांनी बसवली. आज सेट उघडल्यावर दिसणारी ट्रेची उतरंड त्याच विचाराची वारस आहे. शिकल्याशिवाय विकायचे नाही ही अट पुढे सैल झाली. सर्जन गावोगावी हेच काम करू लागले तेव्हा सगळ्यांना राइटिंग्टनला जाणे शक्य नव्हते, आणि त्यांच्याजवळ उभे राहून ‘आता हा गाइड लावा’ असे सांगायला कंपनीचा माणूस आला.

त्याने कुठपर्यंत जावे याची रेषा ओलांडली गेली ती १९७५ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील स्मिथटाऊन येथे. खुब्याच्या शस्त्रक्रियेत अडचण आली आणि सांधे विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने हात धुऊन प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत भाग घेतला. प्रकरण बाहेर आले, चौकशी झाली, आणि त्या विक्रेत्याने १९७८ मध्ये स्वतःच त्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर अमेरिकेत रुग्णालयांनी नियम घट्ट केले. प्रतिनिधीने बोलावे, दाखवावे, पण रुग्णाला आणि निर्जंतुक टेबलाला हात लावू नये. या साऱ्या गदारोळात एक बाजू मात्र कोणी पाहिली नाही. थिएटरचे दार प्रतिनिधीला अर्धे बंद झाले, निर्जंतुकीकरण विभागाचे मागचे दार तसेच उघडे राहिले. तिथून आत जाणारी गोष्ट माणूस नव्हती, पेटी होती.

पेट्या वाढण्याचे कारण गुडघा. न्यूयॉर्कमध्ये १९७४ पासून वापरात आलेल्या ‘टोटल कॉन्डिलर’ सांध्याने गुडघा बदलणे भरवशाचे झाले. हाड नेमक्या कोनात कापण्यासाठी गाइड आले, प्रत्येक मापाचे वेगळे. उजवा-डावा, मांडीच्या हाडाची मापे, नडगीच्या हाडाची मापे, मधल्या प्लॅस्टिकच्या जाड्या. प्रत्येकाचे बसवून पाहायचे नमुने वेगळे. बघता बघता एका शस्त्रक्रियेला सहा-आठ ट्रे लागू लागले. पाठीच्या मणक्यांच्या स्क्रूंचे संच त्याहून मोठे. दर काही वर्षांनी कंपनी नवे रूप काढणार, जुनी हत्यारे त्याला लागू पडणार नाहीत. रुग्णालयाने हे विकत घ्यावे तरी कशाला? कंपनीलाही एकच सेट आठवड्यात चार रुग्णालयांत फिरवणे परवडत होते. हत्यारांचे भाडे वेगळे लावायचे नाही, ते सांध्याच्या किमतीत धरायचे, असा व्यवहार ठरून गेला. म्हणजे निर्जंतुकीकरणाचे काम वाढले, पण ज्या कागदावर किंमत होती त्यावर त्या कामाचा रकाना नव्हता.

कुरबुरी येथूनच सुरू झाल्या, आणि त्या जगभर सारख्याच आहेत. सेट रात्री उशिरा येतो, शस्त्रक्रिया सकाळी आठची. आधीच्या रुग्णालयाने तो नीट धुतलेला नसतो. पोकळ रीमरच्या आत हाडाचा भुगा सापडतो. धुण्याची आणि तापवण्याची कंपनीची सूचनापत्रिका पेटीत नसते, किंवा जर्मन भाषेत असते. सुटे होणारे हत्यार सुटे होते हेच धुणाऱ्याला माहीत नसते. ट्रे इतका जड असतो की वाफेनंतर तळाशी पाणी राहते, आणि ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक धरता येत नाही. अमेरिकन मानकांनी भरलेल्या ट्रेची मर्यादा २५ पौंड, म्हणजे सुमारे ११.३ किलो ठरवली, ती याच अनुभवामुळे आणि उचलणाऱ्यांच्या कंबरेमुळेही. घाईत उघड्या ट्रेवर ‘फ्लॅश’ म्हणजे झटपट सायकल चालवायची, ही पळवाट होती. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूंसाठी ती वापरू नये असे मानके सांगत आली, आणि उशिरा आलेला सेट तीच वापरायला लावत आला. वाद झाला की सर्जन प्रतिनिधीच्या बाजूने उभा राहणार हे ठरलेले, कारण प्रतिनिधी त्याला रोज भेटतो. तळमजल्यावर वाफेत उभा असलेला कर्मचारी त्याला नावाने माहीत नसतो.

समतोल थोडा पालटला तो ब्रिटनमधल्या भीतीने. मार्च १९९६ मध्ये गायींच्या रोगाशी जोडलेला मेंदूचा नवा आजार जाहीर झाला. त्याला कारण असलेली प्रथिने नेहमीच्या वाफेला दाद देत नव्हती. नेहमीची सायकल १३४ अंशांना सुमारे तीन मिनिटांची असते. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा आजाराच्या संशयासाठी सुचवलेल्या पर्यायांत त्याच तापमानाला १८ मिनिटे होती. इंग्लंडमध्ये २००१ च्या सुरुवातीला टॉन्सिलसाठी एकदाच वापरायची हत्यारे सक्तीची केली. पण त्या हत्यारांनी रक्तस्राव वाढल्याचे दिसून वर्ष संपण्याआधी ती सक्ती मागे घ्यावी लागली. त्यातून टिकून राहिला तो मागोवा घेण्याचा आग्रह. कोणते हत्यार, कोणत्या सायकलमध्ये, कोणत्या रुग्णावर वापरले याची नोंद. गावोगाव फिरणारा उसना सेट या नोंदीतली सर्वांत कच्ची कडी होती. मग अटी आल्या. सेट दोन दिवस आधी पोहोचावा, ट्रेमधील हत्यारांची यादी व छायाचित्र सोबत असावे, सूचनापत्रिका आधीच मिळावी, येताना आणि जाताना दोघांनी मिळून मोजणी करावी. प्रतिनिधीने स्वतः निर्जंतुकीकरण करू नये, ट्रे भरू नयेत, पण नवा सेट आला की कर्मचाऱ्यांना शिकवावे. विक्रेता पुन्हा शिक्षक झाला. फरक इतकाच, की या वेळी शिकवणे ही रुग्णालयाची अट होती.

भारतात या नात्याला वितरक नावाचा तिसरा कोन आहे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात औषधे आणि सर्जिकल मालाचा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आला. हाडांच्या इम्प्लांटचे वितरक मात्र शहरोशहरी पसरले, आणि सेट त्यांच्या गोदामातून निघतो. रिक्षातून, मोटारसायकलच्या मागे बांधून, रात्रीच्या बसच्या डिकीतून तो जिल्ह्याच्या गावी पोहोचतो. मोठ्या रुग्णालयात सीएसएसडीची खिडकी असते, रजिस्टर असते, चलनावर सही होते. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयात सीएसएसडी म्हणजे थिएटरच्या बाजूची खोली, एक उभा ऑटोक्लेव्ह आणि सिस्टर किंवा मावशी. तिथे कंपनीचा माणूस पाहुणा नसतो, घरचाच असतो. सेट धुवायला हात लावतो, ट्रे मांडतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या मागे उभा राहून माप सांगतो आणि शेवटी बिलासाठी वापरलेल्या स्क्रूंचे स्टिकर गोळा करतो. पाश्चात्त्य नियमपुस्तकात यातले निम्मे बसत नाही. तरीही अशा ठिकाणी पोकळ हत्यार आतून कसे ब्रश करायचे हे मावशींना शिकवणारा दुसरा कोणी नसतो, ही वस्तुस्थिती नियमपुस्तक पाहत नाही.

गेल्या काही वर्षांत कागदाने इथेही जागा घेतली. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मान्यतेसाठी निर्जंतुकीकरणाच्या नोंदी, रासायनिक पट्ट्या आणि जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी दाखवावी लागते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी कर वगळून ५४,७२० रुपये. सांध्याच्या किमतीत हत्यारांचा फिरता सेट, तो आणणारा माणूस आणि त्याचे थिएटरमधले उभे राहणे हे सारे धरलेले असते, हा हिशेब तेव्हा प्रथमच चव्हाट्यावर आला. २०२४ मध्ये उपकरणांच्या विक्रीसाठी आचारसंहिता निघाली आणि डॉक्टरांना द्यायच्या भेटवस्तू व प्रवासखर्चावर तिने बंधने घातली. सीएसएसडीच्या कर्मचाऱ्याला अशा भेटी फारशा कधी मिळतच नव्हत्या. त्याच्या वाट्याला येई तो टेपचा नमुना, भिंतीवर लावायचा तक्ता आणि दिवाळीला मिठाईचा पुडा.

शस्त्रक्रिया संपली की सेट पुन्हा सीएसएसडीत येतो. आता तो रक्ताने माखलेला असतो आणि प्रतिनिधीला घाई असते, कारण संध्याकाळी दुसऱ्या गावी केस असते. रक्त वाळले तर खाचांतून निघत नाही, म्हणून लगेच ओला ठेवायचा, एन्झाइमच्या पाण्यात भिजवायचा, सुटे भाग वेगळे करून घासायचे, वाळवायचे, यादीप्रमाणे मोजायचे. एखादा ड्रिल बिट कमी भरला तर कपड्यांच्या गाठोड्यात, कचऱ्याच्या पिशवीत शोध होतो. सापडला की चलनावर परतीची सही होते, पेटीची कडी लागते आणि सेट रिक्षात चढतो. पुढच्या गावी तो पुन्हा धुतलाच पाहिजे. इथे कितीही नीट धुतला असला तरी तिथल्या सिस्टरच्या लेखी तो मळकाच असतो, आणि तसाच धरण्याचा नियम आहे.